खोक्यांत अडकलेला पैसा

ताई,
मी ३१ वर्षांचा आहे. नोकरी करतो आणि २०२० पासून फावल्या वेळात स्नीकर विकतो. सुरुवातीला ड्रॉपमध्ये (कंपनी ठरल्या वेळी मोजक्या जोड्या विक्रीला काढते तेव्हा) एखादी जोडी लागली की आठवड्याच्या आत दीडपट, कधी दुप्पट पैसे सुटायचे. दोन वर्षं इतकी चांगली गेली की मी पगारातले पैसेही यात घालू लागलो. आता चित्र पालटलंय. घरात ४२ जोड्या खोक्यांत पडून आहेत. निम्म्याहून जास्त नायकीच्या डंक आणि जॉर्डन १, आठ जॉर्डन ४, बाकी आदिदासच्या यीझी आणि किरकोळ. अ‍ॅपवर पाहिलं तर या सगळ्यांची किंमत माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी दिसते. विकायला काढलं की तेवढे कोणी देत नाही. पत्नी म्हणते, सगळं काढून टाक. मित्र म्हणतात, थांब, भाव परत येतील. त्यातच ओळखीच्या एका व्यापाऱ्याने येऊ घातलेल्या एका मोठ्या रिलीजच्या ५० जोड्या दुकानातल्या किमतीपेक्षा २० टक्के कमीने देऊ केल्या आहेत. पैसे आधी, माल दोन महिन्यांनी. त्यासाठी कर्ज काढावं का? की बाजार संपला असं समजून यातून बाहेर पडावं?
– एक वाचक

नमस्कार,

आधी तो व्यापारी, कारण बाकीचे प्रश्न महिनाभर थांबतील, तो थांबणार नाही. त्याला पैसे देऊ नका. कर्ज काढून नाही, साठवणीतले नाही, ‘निदान दहा जोड्यांचे तरी देऊन बघतो’ असंही नाही.

ज्या बुटासाठी लोक रांगा लावणार आहेत तो बूट रिलीजच्या दोन महिने आधी, दुकानापेक्षा स्वस्त, पन्नासाच्या हिशेबाने कोणाला मिळतो? समजा मिळाला, तर तो माणूस तुम्हाला २० टक्के सोडून का देईल? रिलीजच्या दिवशी तोच माल चढ्या भावाने विकायला त्याला कोणी अडवलंय? याला पटण्याजोगं उत्तर नसेल तर तीनच शक्यता उरतात. माल बनावट आहे, माल कुठूनतरी मागच्या दाराने काढलाय, किंवा माल नाहीच.

तिसऱ्या शक्यतेचा मोठा दाखला या धंद्याने पाहिलेला आहे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात झादेह किक्स नावाचं रिसेलचं, म्हणजे पुनर्विक्रीचं, दुकान होतं. २०२१ च्या डिसेंबरात एअर जॉर्डन ११ चा ‘कूल ग्रे’ येणार होता, किंमत २२५ डॉलर. या दुकानाने ११५ डॉलरपासून आगाऊ नोंदणी घेतली. २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी मालकावर आरोप ठेवले तेव्हा आकडे बाहेर आले: ६ लाखांहून जास्त जोड्यांची नोंदणी, ७ कोटी डॉलरहून जास्त रक्कम, आणि प्रत्यक्षात मिळवता आलेल्या जोड्या ६ हजारांच्या थोड्या वर. तो काल उगवलेला भामटा नव्हता. रिसेलच्या जगात त्याचं वर्षानुवर्षांचं नाव होतं आणि त्या नावावरच लोकांनी पैसे भरले. तुमचा व्यापारीही ‘ओळखीचा’ आहे, म्हणून हे लिहिलं.

तो खरंच प्रामाणिक असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. ‘माल आला की कळवा, बघून, तपासून, रोख देऊन घेतो,’ असं सांगा. त्यावर तो काय बोलतो ते लक्ष देऊन ऐका.

आता बाजाराबद्दल. बूट आजही विकले जातात, काही अजूनही अव्वाच्या सव्वा भावाने जातात. आटलाय तो एका विशिष्ट जातीचा नफा. तो कुठून येत होता हे तुम्हाला नीट उमजलं तर कपाटातल्या मालाचं काय करायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

एक जोडी कंपनी १०० ला विकते आणि बाहेर तिला २०० द्यायला माणसं तयार आहेत. मधले १०० कंपनीला दिसत नव्हते असं नाही. ती किंमत वाढवू शकली असती, जास्त जोड्या काढू शकली असती. तिने मुद्दाम दोन्ही केलं नाही, कारण रांग, आरडाओरडा, ‘मिळाला नाही’ ही हळहळ यातून जे नाव होतं ते पैसे टाकून विकत घेता येत नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डिझायनर जेफ स्टेपल यांच्या ‘पिजन’ डंकच्या जेमतेम दीडशे जोड्यांसाठी दुकानाबाहेर इतकी झुंबड उडाली की पोलिसांना यावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होती. दीडशे बुटांच्या बदल्यात पहिलं पान! हा सौदा कोणत्या कंपनीला नको असेल?

तर तुमची कमाई त्या मधल्या फटीतून होत होती. तुम्ही मेहनत घेतली नाही असं मी म्हणत नाही. पहाटे उठून ड्रॉपला बसणं, रॅफल म्हणजे सोडतीचे अर्ज भरणं, खोकी बांधणं हे सगळं केलंत. पण फट किती रुंद ठेवायची, कधी बुजवायची, हे तुमच्या हातात एकही दिवस नव्हतं.

त्यात तुम्ही आलात २०२० मध्ये. त्याआधीच, २०१५-१६ च्या सुमारास, गोट आणि स्टॉकएक्स ही बुटांच्या पुनर्विक्रीची अ‍ॅपं आली होती. शेअर बाजारात लावावी तशी बोली बुटांवर लावता येऊ लागली आणि कोणत्या जोडीला काय भाव चाललाय हे कोणालाही बोटावर दिसू लागलं. मग साथ आली. माणसं घरात कोंडलेली, हातात वेळ, बऱ्याच देशांत सरकारी मदतीचे पैसे खात्यात, आणि अंगठ्याखाली सतत अ‍ॅप. एप्रिल २०२१ मध्ये स्टॉकएक्सचं मूल्यांकन ३८० कोटी डॉलर झालं. त्या काळात ज्याने जोडी घेतली त्याने पैसे कमावले. ‘मला यातलं कळतं’ असं तुम्हाला वाटलं असेल तर नवल नाही. तेव्हा सगळ्यांनाच कळत होतं.

पुढे काय झालं ते तुमच्याच कपाटात आहे. काळा-पांढरा ‘पांडा’ डंक २०२१ मध्ये १०० डॉलरला आला तेव्हा बाहेर तो दुपटीने जात होता. नायकीने तो पुन्हा आणला, परत आणला, आणतच राहिली. आता तो दुकानातल्या किमतीच्या आगेमागे मिळतो आणि कोणाच्याही पायात दिसतो. जॉर्डन १ च्या ‘शिकागो’ रंगाचं बघा. मूळ जोडी १९८५ ची. ती १९९४ मध्ये परत आली, २०१५ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘लॉस्ट अँड फाउंड’ या नावाने, मुद्दाम जुनाट दिसेल अशी करून, भरपूर संख्येने आली. जी गोष्ट ‘पुन्हा मिळणार नाही’ म्हणून आपण जपून ठेवतो तिचा साचा कंपनीकडे असतो हे विसरायला होतं.

तुमच्या मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. नायकीने डंक, एअर फोर्स १ आणि जॉर्डन १ यांचा इतका मारा केला की माल दुकानांतच साचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एलियट हिल यांनी कंपनीची सूत्रं हाती घेतल्यावर या तिन्हींचा पुरवठा आवरता घेतला. म्हणजे नवीन माल कमी. मग भाव चढायला हवेत, नाही का? पण जुना माल कुठे गेलाय? तो तुमच्यासारख्या हजारोंकडे आहे, न घातलेला, खोक्यासकट, कागदात गुंडाळलेला. भाव जरा वर सरकला की प्रत्येक जण त्यातल्या दोन-चार जोड्या बाहेर काढतो आणि भाव जागच्या जागी येतो. एक दिवस तेजी येणार या आशेवर तुम्ही बसलाय, तेच सगळे बसलेत. तेजी आली तर ती ओसरवायला तुम्हीच पहिले धावाल.

यीझीवाल्यांनी दुसऱ्या बाजूने हाच धडा घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने यीझीमागचे रॅपर कान्ये वेस्ट यांच्याशी संबंध तोडले तेव्हा ‘आता हे बूट बनणारच नाहीत’ असं म्हणत लोकांनी खोकी भरली. कंपनीच्या गोदामात माल होताच. तो २०२३ च्या मे महिन्यापासून आणि पुढे २०२४ मध्येही टप्प्याटप्प्याने विकला गेला. तुमच्याकडच्या यीझी कोणत्या भावात घेतल्यात ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही.

शिवाय तुमच्या विरुद्ध कोण खेळत होतं तेही बघा. ड्रॉपच्या वेळी तुम्ही बोटाने बटण दाबत होता आणि पलीकडे बॉट होते, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्राम, जे सेकंदाच्या आत शेकड्याने ऑर्डरी टाकतात. मार्च २०२१ मध्ये नायकीच्या एका बड्या अधिकारी बाईंना राजीनामा द्यावा लागला, कारण त्यांचा मुलगा रिसेलचा मोठा धंदा चालवत होता आणि खरेदीसाठी त्यांच्या नावाचं कार्ड वापरलं गेल्याचं छापून आलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नायकीने आपल्या विक्रीच्या अटींत लिहूनच टाकलं की बॉटने किंवा पुनर्विक्रीसाठी टाकलेली ऑर्डर आम्ही रद्द करू शकतो. इतकी वर्षं आमच्याच फुकट प्रसिद्धीवर कंपनी पोसली गेली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. अटी तिच्या आहेत.

आता ४२ जोड्या. इथे जरा जास्त वेळ थांबते, कारण तुमचा खरा घोटाळा हिशेबात आहे.

‘अ‍ॅपवर पाच महिन्यांच्या पगाराएवढी किंमत दिसते’ असं तुम्ही लिहिता. तुम्ही बेरीज बहुधा ‘आस्क’ची केलीत, म्हणजे विकणाऱ्यांनी मागितलेल्या भावाची. मागायला कोणाला काय लागतं? तुमच्या मालाची आजची किंमत म्हणजे आत्ता या क्षणी कोणीतरी लावून ठेवलेली सर्वांत वरची बोली, म्हणजे ‘बिड’, आणि तीही तुमच्याकडे असलेल्या साइझची. एकाच बुटाच्या दोन साइझमध्ये भावाचा चांगलाच फरक पडतो, तेव्हा सरासरी पाहून उपयोग नाही. शेवटच्या पाच-सहा विक्रीही बघा. त्यात एखादी फार वरची दिसली तर ती बाजूला ठेवा, तो आजचा भाव नव्हे.

त्या बोलीतून कपात. नव्या विक्रेत्याला या अ‍ॅपवर साधारण १० टक्क्यांच्या आसपास दलाली आणि वर पैसे हाती देण्याचे ३ टक्के जातात; दर अ‍ॅपनुसार, तुमच्या विक्रीनुसार बदलतात, स्वतःचा दर उघडून बघा. १३ टक्के धरले तर १०० ला घेतलेली जोडी ११५ ला विकल्यावर हातात १०० येतात. म्हणजे ‘पंधरा टक्के वाढली’ असं आपण ज्याला म्हणतो तिथे नफ्याची नुसती सुरुवात होते. त्यात घेताना भरलेला कर, पाठवणावळ, जाड पुठ्ठ्याचं बाहेरचं खोकं, आणि ड्रॉपची बातमी देणाऱ्या गटाची वर्गणी भरत असाल तर तीही धरा. ही वर्गणी बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

एक वही घ्या, नाहीतर स्प्रेडशीट. प्रत्येक जोडीला एक ओळ: खोक्यावरचा स्टाइल कोड, साइझ, घेतल्याची तारीख, सगळं धरून पडलेली किंमत, आजची बोली, कपात जाऊन हातात येणारी रक्कम. शेवटच्या रकान्याची बेरीज पाच महिन्यांच्या पगाराएवढी निघणार नाही. तीन महिन्यांच्या आसपास आली तरी मी तुम्हाला सुखरूप समजेन. पण तो आकडा खरा असेल, आणि पत्नीशी बोलताना तोच समोर ठेवा. त्यांचं ‘सगळं काढून टाक’ हे कदाचित बुटांबद्दल नसेल. पैसा नेमका किती अडकलाय हे घरात एकालाही माहीत नाही, याचा त्रास जास्त असतो.

वही झाली की ‘पडलेली किंमत’ हा रकाना झाकून टाका, हे नीट वाचा, आणि प्रत्येक जोडीबद्दल एकच गोष्ट स्वतःला विचारा: ही जोडी माझ्याकडे नसती आणि शेवटच्या रकान्यातली रक्कम रोख हातात असती, तर ती देऊन मी आज ही जोडी विकत घेतली असती का? १०० ला घेतली होती म्हणून ८० ला कशी विकू, हा प्रश्न फक्त तुम्हाला पडतो. गिऱ्हाइकाला तुमची खरेदी माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचीही नाही.

थांबण्याचीही किंमत असते. समजा एका जोडीत १०० अडकलेत आणि दीड वर्ष थांबून २० सुटले. तेच १०० दर दोन महिन्यांनी फिरवून दर खेपेला ५ सुटले असते तर दीड वर्षात ४५ झाले असते. व्यापारात उलाढाल म्हणतात ती हीच. २०२१ मध्ये तुमचा पैसा आठवड्यात फिरत होता. नफा मोठा होता त्याहून, पैसा पटकन मोकळा होत होता, हे तेव्हाचं खरं बळ. आता तो खोक्यांत निजलाय.

आणि खोक्यातला बूट तसाच राहतो हा समज तर सोडूनच द्या. तुमच्या आठ जॉर्डन ४ सर्वांत आधी खोक्यांतून काढून तपासा. जॉर्डन ३, ४, ५, ६ यांच्या मधल्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक असतं. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षं आतून सुटत जातं आणि एक दिवस पहिलं पाऊल टाकताच भुगा होतो, बूट कधी घातलेला नसला तरी. याला दहा-पंधरा वर्षं लागतात, कोंदट दमट जागेत लवकर. बुटाच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख छापलेली असते आणि जाणकार गिऱ्हाईक ती आधी बघतं. म्हणजे तुमच्या जॉर्डन ४ चं घड्याळ सुरू आहे आणि ते समोरच्याला वाचता येतं. डंक आणि जॉर्डन १ चा तळ रबरी कपाचा असल्याने तसा कोसळत नाही, पण सोल पिवळे पडतात, गोंद सुटतो. खोकी भिंतीला टेकवून, खिडकीच्या उन्हात किंवा न्हाणीघराच्या शेजारी रचली असतील तर आजच हलवा.

विकायची घाई करा म्हटलं म्हणून ४२ एकदम टाकू नका. एकाच मॉडेलच्या, एकाच साइझच्या पाच जोड्या एका दिवशी लावल्यात तर तुम्हीच तुमचा भाव पाडाल. डंकपासून सुरुवात करा, कारण कंपनीला ते पुन्हा बाजारात आणणं सर्वांत सोपं आहे. त्यामागोमाग जॉर्डन ४. नेहमीच्या मधल्या साइझच्या जोड्या अ‍ॅपवर, बोली स्वीकारून. फार लहान-मोठ्या साइझला अ‍ॅपवर चटकन बोली मिळत नाही. त्या ओळखीच्या गटांत, प्रत्यक्ष भेटून विकता आल्या तर दलाली वाचते. भेट चार माणसांच्या वर्दळीत, पैसे खात्यात जमा झालेले स्वतःच्या फोनवर पाहून. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तीन महिन्यांत ३० जोड्या निघाल्या तर उत्तम. ज्या दोन-तीन तुम्हाला मनापासून आवडतात आणि तुमच्या मापाच्या आहेत त्या घाला. न घालण्यासाठी बूट विकत घेणं ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरली नाही, असो.

आता, पुढे हा जोडधंदा ठेवायचा का. ठेवा, पण फटीच्या भरवशावर नाही. कंपनीने जोडी १०० ला सोडायची आणि तुम्ही नशिबाने मिळवून १५० ला विकायची, यात तुमचं कसब थोडं आणि कंपनीची मर्जी फार. तुमच्या हाताच्या कामाचे पैसे ज्यात मिळतात तिकडे वळा. ती कामं आहेत. वापरलेल्या जोड्या घेऊन स्वच्छ करणं, लेस बदलणं, डागांसकट खरे फोटो टाकून विकणं हे त्यातलं एक. यात कष्ट आहेत, म्हणूनच गर्दी कमी आहे. दुसरं, घालणाऱ्यांसाठी विकत घेणं. आसिक्स, न्यू बॅलन्स, सॅलोमन यांची नेहमीची मॉडेलं हंगामाच्या शेवटी सवलतीत निघतात. १०० ची जोडी ६० ला मिळाली आणि ८५ ला विकली, तर कपात जाऊन ७४ हातात येतात. पाठवणावळ वजा करून दहाएक सुटले. बढाई मारण्यासारखं यात काही नाही. पण घेणारा उद्या ती घालून चालायला जाणार आहे, भाव चढण्याची वाट बघत बसणार नाही. तो पुढच्या वर्षी तुमच्याकडेच परत येईल. अशी पन्नास गिऱ्हाइकं आणि त्यांची मापं तुमच्या वहीत असली की ती कोणत्याही अ‍ॅपच्या मालकीची नसतात.

यात विश्वास हाच माल आहे आणि बनावट बुटांमुळे तो महाग झालाय. अ‍ॅपने तपासून दिलेल्या जोडीवरही आता लोक डोळे मिटून विसंबत नाहीत. मे २०२२ मध्ये नायकीने कोर्टात सांगितलं की स्टॉकएक्सवरून तपासणी होऊन आलेल्या चार जोड्या बनावट निघाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॉकएक्सने आपल्या शिक्क्यावरचा ‘ऑथेंटिक’ हा शब्द काढून नुसतं ‘व्हेरिफाइड’ ठेवलं. तेव्हा खरेदीची मूळ पावती प्रत्येक जोडीसोबत जपा. खोक्यावरचा आणि आतल्या लेबलवरचा कोड जुळतो का ते बघाच, पण नकली करणारे लेबलही हुबेहूब छापतात, म्हणून नुसतं तेवढ्यावर थांबू नका. शिवण, गोंदाचा वास, खोक्याचा छापा, अस्सल जोडी शेजारी ठेवून पाहिलेलं प्रमाण हे सगळं मिळून अंदाज येतो. तरी शंका उरली तर घेऊ नका. आणि पाठवताना जोडी खोक्यात घालण्यापासून चिकटपट्टी लावेपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा, लेबलवरचा आकडा दिसेल असा. ‘बूट खोटे निघाले’ म्हणत दुसरीच जोडी परत पाठवणारे महाभाग आहेत.

परदेशातून स्वस्त आणून विकण्याचं कोणी सुचवलं तर आधी कायदा विचारा. अस्सल माल आहे म्हणजे झालं, असं सगळीकडे नसतं. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर पहिल्यांदा विकलेला अस्सल बूटही ब्रँडच्या संमतीशिवाय तिथे व्यापारासाठी आणता येत नाही. कराचंही तसंच: २०२० पासूनच्या नफ्याची नोंद तुम्ही ठेवली नसेल तर वही करताना तीही करून घ्या आणि करसल्लागाराला एकदा दाखवा. अ‍ॅपवरच्या विक्रीचा माग तिथे राहतोच, तो करखात्याला दिसणार नाही असं गृहीत धरू नका.

नव्या खरेदीला मर्यादा घाला: जुन्यातून सुटलेल्या पैशांपैकी अर्ध्याहून जास्त परत बुटांत जाणार नाही. पगाराला हात लावायचा नाही. आणि घेतलेल्या प्रत्येक जोडीवर, घेतानाच, विकायची शेवटची तारीख पेन्सिलने लिहा. ६० दिवस म्हणा. ती तारीख आली की असलेली बोली घ्यायची, मग ती कितीही असो.

वही पूर्ण झाली की जॉर्डन ४ च्या आठ जोड्यांच्या साइझ आणि आतल्या लेबलवरच्या तारखा मला कळवा. त्यातल्या दोनेक ठेवण्याजोग्या निघू शकतात. तारखा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.